तार कीं तलवार?

अलीकडे सुशिक्षित कुटुंबांतून एक प्रश्न वारंवार ऐकूं येतो. विद्युत्-संदेशाची किंवा संगणकाची विद्या शिकून पदवीधर झालेल्या मुलानें अथवा मुलीनें सैन्याच्या सिग्नल्स खात्यांत जावें, कीं एखाद्या संगणक-कंपनीची नोकरी पतकरावी? विद्या तीच, हातांतील यंत्रेंही बहुतांशीं तींच. भेद काय तो गणवेषाचा. बाप पगाराकडे पाहतो, आई बदल्यांकडे व धोक्याकडे पाहते, मुलगा कधीं मानाकडे तर कधीं परदेशाकडे पाहतो. आणि अखेर घरांत ज्याचा शब्द चालतो त्याच्या मताप्रमाणें निकाल लागतो. आम्ही महाविद्यालयांत शिकवीत असल्यामुळें हा प्रश्न आमच्यापर्यंतही पुष्कळदां येतो. कोणाच्या मुलानें काय करावें हें सांगण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु हा प्रश्न नवा नाहीं, एका मोठ्या युद्धांत हजाराहून अधिक तरुणांच्या आयुष्याचा निकाल त्यावर लागला आहे, आणि तो कसा लागला याची हकीकत उपलब्ध आहे, एवढें सांगण्याचा अधिकार इतिहासाच्या अभ्यासकास असावयास हरकत नसावी.

लष्करी बातमी लष्करी माणसानेंच आणावी असा कांहीं नियम नाहीं, हें आमच्याच इतिहासांत एकदां फार दुःखद रीतीनें प्रत्ययास आलें आहे. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला. त्या वेळीं नानासाहेब पेशवे उत्तरेच्या वाटेवर होते. भेलशाजवळ त्यांना ती वार्ता कळली ती एका सावकाराच्या जासुदाजवळील पत्रावरून, असें आमचे इतिहासकार सांगत आले आहेत. मोतीं, मोहरा आणि खुर्दा यांच्या हिशेबी भाषेंत लिहिलेलें तें पत्र प्रसिद्धच आहे. पेशव्यांच्या पदरीं जासूद व हरकारे यांची उणीव नव्हती. परंतु फौज मोडली म्हणजे फौजेची डाकही मोडते. पेढीची डाक मात्र चालूच असते, कारण हुंडीचा भाव ज्या बातमीवर ठरतो ती बातमी सावकारास राजाइतक्याच निकडीनें हवी असते. राजाचा जासूद व सावकाराचा जासूद हे असे पूर्वींपासून शेजारीं शेजारीं धांवत आले आहेत.

हे दोन प्रकारचे जासूद एकाच सरकारच्या चाकरींत, एकाच युद्धांत, एकमेकांसमोर उभे ठाकले, आणि कोणी कोणाच्या हाताखालीं राहावें याचा तंटा थेट युद्धमंत्र्यापर्यंत गेला, असा प्रसंग अमेरिकेंतील यादवी युद्धांत, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळांत घडला. गुलामगिरीच्या प्रश्नावरून दक्षिणेकडील राज्यें संघांतून फुटून निघालीं व संघ टिकविण्यासाठीं उत्तरेकडील सरकारनें शस्त्र उचललें, हें वाचकांस ठाऊकच आहे. त्या युद्धाच्या लढाया पुष्कळांनीं वाचल्या असतील. आम्हांस येथें सांगावयाचें आहे तें त्या लढायांच्या पाठीमागें चाललेल्या एका खातेनिहाय भांडणाविषयीं. भांडण लहान होतें; परंतु त्यांत सांपडलेल्या माणसांना तें आयुष्यभर पुरलें.

भांडणाचा एक पक्ष म्हणजे आल्बर्ट मायर हा गृहस्थ. याचा जन्म १८२८ सालचा. तरुणपणीं त्यानें कांहीं काळ तारमास्तराचें काम केलें, नंतर वैद्यकीचा अभ्यास केला, आणि १८५१ सालीं पदवीसाठीं जो निबंध लिहिला त्याचा विषय मुक्या-बहिऱ्यांकरितां नवी खुणांची भाषा हा होता. १८५४ सालीं सैन्यांत साहाय्यक शल्यवैद्य होऊन तो टेक्सासकडे गेला. तेथल्या उघड्या मुलखांत त्यानें आपली खुणांची भाषा माणसाच्या बोटांवरून काढून निशाणाच्या काठीवर चढविली. एकच निशाण डावीकडे व उजवीकडे झुकवावें, त्या झुकण्यांच्या क्रमावरून अक्षर ओळखावें, आणि रात्रीं निशाणाच्या जागीं मशाल घ्यावी, अशी ती साधी पद्धत होती. २१ जून १८६० रोजीं अमेरिकन काँग्रेसनें मेजरच्या हुद्द्याचा एक संकेताधिकारी नेमण्यास संमति दिली व ती जागा मायरला मिळाली. जागा एकच, हाताखालीं स्वतःचें माणूस एकही नाहीं, जे अधिकारी लागत ते निरनिराळ्या पलटणींतून उसने घ्यावे लागत. त्याच्या पद्धतीच्या पहिल्या परीक्षांत ज्यानें त्यास मदत केली होती तो अलेक्झांडर नांवाचा अधिकारी युद्धारंभीं दक्षिणेच्या पक्षास मिळाला, आणि २१ जुलै १८६१ रोजीं बुल रनच्या लढाईंत याच निशाणांनीं आपल्या सेनापतीस डाव्या बगलेवरील संकटाची सूचना देऊन त्यानें उत्तरेच्या पराभवास हातभार लाविला. मायरची विद्या खरी आहे हें सिद्ध झालें, पण तें शत्रूच्या गोटांत.

दुसरा पक्ष तारेचा. युद्धास तोंड लागलें त्या वेळीं अमेरिकेंत तारायंत्राचा धंदा सर्वस्वीं खासगी कंपन्यांच्या हातीं होता. सरकारजवळ ना तारा होत्या, ना तारमास्तर. एप्रिल १८६१ मध्यें बाल्टिमोर येथें दंगल होऊन राजधानीकडे येणारे रूळ व तारा तुटल्या आणि कांहीं दिवस वॉशिंग्टन शहर उत्तरेपासून जवळजवळ वेगळें पडलें. तेव्हां सरकारनें पेन्सिल्व्हेनिया रेल्वेचा अधिकारी टॉमस स्कॉट यास बोलाविलें, व स्कॉटनें आपला विश्वासू साहाय्यक अँड्रयू कार्नेगी यास बरोबर घेतलें. पुढें पोलादाचा राजा म्हणून गाजलेला हा पुरुष त्या वेळीं पंचवीस वर्षांचा होता, आणि त्याच्या भाग्याचा आरंभ पिट्सबर्गच्या तार-ऑफिसांत निरोप्या पोऱ्या म्हणून झाला होता. आगगाडीच्या तारमास्तरांपैकीं चार निवडक तरुण राजधानींत आणविण्यांत आले: स्ट्राउस, ब्राउन, ओब्रायन आणि बेट्स. यांतील बेट्स यास अठरावें वर्षही पुरें झालें नव्हतें. लष्करी तारखात्याचा जन्म झाला तो असा. त्याचा पाया घालणारे ते चौघे; परंतु त्यांतील एकाच्याही अंगावर सैनिकाचा कोट नव्हता.

तो पुढेंही चढला नाहीं, हीच या इतिहासांतील मर्माची गोष्ट आहे. नोव्हेंबर १८६१ मध्यें वेस्टर्न युनियन या तार-कंपनीचा मुख्य व्यवस्थापक अॅन्सन स्टेगर याच्याकडे या खात्याची सूत्रें आलीं. सरकारी पैसा खर्चण्यास व सरकारी सामान ताब्यांत घेण्यास हुद्देदार लागतो, म्हणून स्टेगर व त्याचे कांहीं साहाय्यक यांना कोठीखात्यांत, म्हणजे तंबू, गाड्या व दाणावैरण यांची तजवीज पाहणाऱ्या खात्यांत, हुद्दे देण्यांत आले. बाकीचे सारे तारमास्तर त्या खात्याचे पगारी नोकर राहिले. गाडीवान व सुतार यांची जी कायदेशीर स्थिति, तीच यांची. यांत तारमास्तरांना प्रथम कांहीं वावगें वाटलें असें दिसत नाहीं. पायदळांतील साध्या शिपायास त्या वेळीं दरमहा १३ डॉलर मिळत. तारमास्तराचा पगार त्याहून कितीतरी अधिक होता. कवायत नाहीं, पहारा नाहीं, सार्जंटाच्या शिव्या नाहींत. हातांत आवडीचें यंत्र, आणि युद्ध संपल्यावर कंपनींत परत जाण्याची वाट मोकळी. वीस वर्षांच्या तरुणास यापेक्षां अधिक काय हवें?

सरकारलाही ही व्यवस्था सोयीची होती. जानेवारी १८६२ मध्यें एडविन स्टँटन हा युद्धमंत्री झाला. त्यानें मुख्य तार-ऑफिस आपल्या खोलीलगत आणविलें, आणि सर्व सेनापतींच्या तारा आपल्या नजरेखालून जातील अशी व्यवस्था केली. तारमास्तर सैनिक नसल्यामुळें ते सेनापतीच्या हुकमाखालीं नव्हते. ते स्टेगरचे, आणि स्टेगरच्या मार्फत मंत्र्याचे. संदेश गुप्त ठेवण्यासाठीं स्टेगरनें शब्दांचा क्रम बदलण्याची व मधूनमधून भलतेच शब्द पेरण्याची एक रीत बसविली होती. त्या गुप्तलिपीची किल्लीही तारमास्तरांच्याच हातीं. ज्याच्या नांवें तार येई त्या सेनापतीसही ती पाहण्याची मुभा नव्हती. अध्यक्ष लिंकन हे रोज या ऑफिसांत येऊन बसत व खणांत ठेवलेल्या तारांच्या नकला वाचीत. गुलामांच्या मुक्ततेच्या जाहीरनाम्याचा पहिला मसुदा त्यांनीं १८६२ च्या उन्हाळ्यांत याच खोलींत बसून लिहावयास घेतला, असें तेथील अधिकारी मेजर एकर्ट यानें सांगून ठेविलें आहे. आणि चौघांपैकीं जो बेट्स, त्यानें १९०७ सालीं त्या दिवसांच्या आठवणींचें एक पुस्तकच प्रसिद्ध केलें.

राजधानींतील हें चित्र मोठें मनोहर आहे. परंतु बहुतेक तारमास्तरांचें काम राजधानींत नव्हतें. चार वर्षांत या खात्यानें पंधरा हजार मैलांच्या आसपास तारा घातल्या व साठ लाखांहून अधिक संदेश पोंचविले. तारा कांहीं आपोआप वाढत नाहींत. सैन्य पुढें सरकलें कीं त्याच्यामागून खांब रोवीत जावें लागे. शत्रूचे स्वार रात्रीं येऊन तार तोडीत, ती सकाळीं जाऊन जोडावी लागे. आणि माघार घेण्याची वेळ आली म्हणजे शेवटची तार जाईपर्यंत यंत्रापाशीं बसावें लागे. कित्येक तारमास्तर गोळीस बळी पडले, कित्येक कैदेंत पडले, आणि कित्येकांना छावणींतील ज्वरानें व अतिसारानें नेलें. यांत आणखी एक संकट असें कीं, गणवेष नसलेला मनुष्य शत्रूच्या मुलखांत सांपडला म्हणजे त्यास युद्धकैदी समजावें कीं हेर समजावें, हें पकडणाऱ्याच्या मर्जीवर राहतें. मरण सैनिकाचें, हक्क मात्र कारकुनाचे, अशी ही स्थिति होती.

इकडे मायरचें संकेत-दळही स्वस्थ नव्हतें. ३ मार्च १८६३ रोजीं काँग्रेसनें त्यास स्वतंत्र दळ म्हणून मान्यता दिली. निशाणांची विद्या मागासलेली म्हणून तिची थट्टा करण्याचें कारण नाहीं. जुलै १८६३ मधील गेटिसबर्गच्या लढाईंत लिटल राउंड टॉप या टेकडीवर उत्तरेच्या संकेतकांचें ठाणें होतें. त्या ठाण्यावरून आपण दिसूं या भीतीनें दक्षिणेचा सेनापति लाँगस्ट्रीट यास आपली फौज आडवाटेनें फिरवून न्यावी लागली, आणि त्यांत मोलाचा वेळ गेला. ऑक्टोबर १८६४ मध्यें जॉर्जिया प्रांतांत दक्षिणेच्या सैन्यानें तारा तोडून आलाटूना येथील ठाणें एकाकीं पाडलें, तेव्हां सेनापति शर्मन यानें केनेसॉ डोंगरावरून शत्रूच्या डोक्यावरून निशाणांनींच संदेश पाठविले. जेथें खांब रोवतां येत नाहीं तेथें निशाण चालतें. परंतु धुकें, धूर आणि झाडी यांपुढें निशाणाचा इलाज नाहीं. आणि आपल्या विद्येची ही मर्यादा मायर पुरती ओळखून होता. युद्धभूमीवरील तारही सैनिकांच्याच हातीं असली पाहिजे, असें त्याचें ठाम मत होतें.

अडचण होती ती माणसांची. चांगला तारमास्तर तयार होण्यास वर्षें लागतात, आणि देशांतील चांगले तारमास्तर तर स्टेगरकडे गेलेले. म्हणून मायरनें बीअर्ड्‌सली नांवाच्या कारागिराचें एक निराळेंच यंत्र पसंत केलें. त्यांत मोर्सची कट्ट-कडकट्ट नव्हती. घड्याळासारख्या तबकडीवर अक्षरें मांडलेलीं, आणि इकडे कांटा ज्या अक्षरावर ठेवावा त्याच अक्षरावर तिकडला कांटा जावा, अशी योजना होती. रासायनिक विद्युत्‌घटांचीही त्यास गरज नसे. वाचतां येणारा कोणताही शिपाई तें चालवूं शकेल, ही त्याची मोठी शोभा. परंतु पांच-सात मैलांपलीकडे त्याचा जोर पोंचत नसे, वेग अगदीं मंद, आणि दोन्हीकडील कांट्यांचा मेळ एकदां बिघडला म्हणजे संदेशाचा अर्थच नाहींसा होई. मे १८६३ मध्यें चॅन्सलर्सव्हिलच्या लढाईंत या यंत्रांनीं ऐन वेळीं दगा दिला व स्टेगरच्या माणसांना मदतीस बोलवावें लागलें. कुशल हाताची उणीव सोप्या यंत्रानें भरून काढूं पाहणाऱ्यांना हा अनुभव वारंवार येत आला आहे.

त्यावर मायरनें मोर्सचीं यंत्रें वापरण्याचें ठरविलें, आणि १८६३ च्या शरदांत एका लष्करी वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन निष्णात तारमास्तरांना संकेत-दळांत येण्याचें आवाहन केलें. ही जाहिरात म्हणजे आमच्या प्रारंभींच्या प्रश्नाचें मूळ रूप होय. ती वाचणाऱ्या तरुणापुढें दोन वाटा होत्या. एकीकडे चांगला पगार, हातांतील कसबाची कदर व कंपनींतील भवितव्य. दुसरीकडे कमी वेतन व कडक शिस्त, परंतु सैनिक म्हणून कायद्यानें मिळणारी ओळख. जुलै १८६२ मध्यें काँग्रेसनें जो पेन्शनचा कायदा केला त्यानें जायबंदी झालेल्या सैनिकास व मेलेल्याच्या विधवेस आणि पोरक्या मुलांस आधार दिला होता. संकेत-दळांतील निशाणवाला त्या कायद्याच्या छत्राखालीं होता. तारखात्याचा तारमास्तर नव्हता.

निवड करण्याची ही संधि तरुणांना फार दिवस राहिली नाहीं. आपलीं माणसें पळविलीं जात आहेत अशी तक्रार स्टेगरनें स्टँटनकडे केली. स्टँटनचें मन आधींपासूनच एका बाजूस झुकलेलें. नोव्हेंबर १८६३ मध्यें त्यानें मायरला पदावरून दूर केलें, संकेत-दळाचीं सर्व तारायंत्रें स्टेगरच्या स्वाधीन करविलीं, आणि मायरची रवानगी मिसिसिपीच्या कांठीं कैरो नांवाच्या गांवीं केली. तेथें बसून त्यानें संकेतविद्येवर जें पुस्तक लिहिलें तें पुढें त्या विद्येचें पाठ्यपुस्तक झालें. रिकाम्या वेळाचा याहून चांगला उपयोग पदच्युत अधिकाऱ्यानें क्वचितच केला असेल.

मंत्र्याचा निर्णय तात्पुरत्या सोयीच्या दृष्टीनें बरोबर होता, असेंच आम्हांस म्हणावें लागेल. तारेचें काम स्टेगरचीं माणसें अधिक चांगलें करीत होतीं यांत शंका नाहीं. परंतु त्या व्यवस्थेंतील मूळ दोष लवकरच उघडा पडला, आणि तोही प्रत्यक्ष ग्रँटच्या छावणींत. १८६४ च्या आरंभीं सेनापति ग्रँट हा नॉक्सव्हिलच्या प्रवासास निघाला असतां त्याचा तारमास्तर बेकविथ हा मागें राहणार होता. वाटेंत येणाऱ्या गुप्त तारांचा अर्थ लागावा म्हणून ग्रँटनें किल्ली आपल्या विश्वासांतील अधिकारी कॉम्स्टॉक याच्या हवालीं करण्यास सांगितलें. बेकविथनें नकार दिला. किल्ली दुसऱ्या कोणासही द्यावयाची नाहीं असा त्याच्या वरिष्ठांचा हुकूम होता. ग्रँटनें शिक्षेची धमकी दिली, तेव्हां त्यानें किल्ली दिली. लगेच वॉशिंग्टनहून बेकविथला कामावरून दूर केल्याचा हुकूम आला! शेवटीं ग्रँटनें स्वतः दोष पतकरून त्याची बाजू घेतली व त्या गरिबाची नोकरी वांचली. हा प्रसंग ग्रँटनें आपल्या आत्मवृत्तांत मोकळेपणानें सांगितला आहे. बेकविथला दोन धनी होते. एकाची अवज्ञा करावी तर तुरुंग, दुसऱ्याची करावी तर भाकर जाणार. आणि दोघांपैकीं कोणाचा हुकूम श्रेष्ठ हें कायद्यानें ठरविलेलेंच नव्हतें.

युद्ध १८६५ सालीं संपलें. मग ज्याचें त्यास काय मिळालें तें पाहूं. दक्षिणेंत सरकारी खर्चानें घातलेल्या व दुरुस्त केलेल्या तारा खासगी कंपन्यांच्या हवालीं झाल्या, आणि त्या कंपन्या १८६६ सालीं वेस्टर्न युनियनच्या पोटांत गेल्या. स्टेगरला ब्रिगेडियर जनरलची मानाची पदवी मिळाली. तो वेस्टर्न युनियनकडे परतला, आणि १८७२ सालीं वेस्टर्न इलेक्ट्रिक या यंत्रें बनविणाऱ्या कंपनीचा अध्यक्ष झाला. हीच कंपनी पुढें बेलच्या दूरध्वनीचीं यंत्रें पुरवूं लागली. एकर्ट हा क्रमाक्रमानें चढत वेस्टर्न युनियनचा अध्यक्ष झाला. तारखात्याच्या वरच्या पायरीवर उभे असलेल्यांना युद्धानें असा मोठा हात दिला. उद्योगाची वाट धरणारे चुकले असें यावरून कोणी म्हणूं शकणार नाहीं.

परंतु खालच्या पायरीवरील माणसांचें काय झालें? पगारी नोकर होतां, पगार घेतलात, आतां घरीं जा, एवढाच त्यांचा हिशेब. मेलेल्यांच्या विधवांना पेन्शन नाहीं; पांगळे झालेल्यांना आधार नाहीं; सैनिक म्हणून नोंद नाहीं. वर्षानुवर्षें ते अर्ज करीत राहिले. अखेर २६ जानेवारी १८९७ च्या कायद्यानें काँग्रेसनें त्यांची दखल घेतली, आणि त्यांना सन्मान्य सेवेचीं प्रमाणपत्रें देण्याचें ठरविलें. मात्र त्याबरोबर पगार, पेन्शन किंवा बक्षीस कांहींएक मिळणार नाहीं, असेंही त्याच कायद्यांत स्पष्ट करण्यांत आलें. युद्ध संपून बत्तीस वर्षें होत आलीं होतीं. विशींतले तरुण पन्नाशी ओलांडून गेले होते, आणि कित्येकांच्या घरीं तें प्रमाणपत्र हातांत घेण्यास माणूसच उरला नव्हता.

मायरचें काय झालें, हेंही सांगितलें पाहिजे. १८६६ च्या कायद्यानें संकेताधिकाऱ्याचें पद कायम झालें, मायर पुन्हां त्यावर आला, आणि लष्करी तारही अखेर त्याच्याच दळाकडे गेली; म्हणजे ज्या मतासाठीं तो पदच्युत झाला तेंच मत सरकारनें शांततेच्या काळांत मान्य केलें. १८७० सालीं त्याच्या दळाकडे हवामानाच्या वार्ता तारेनें गोळा करून अंदाज प्रसिद्ध करण्याचें काम आलें. १८८० सालीं तो वारला. पुढील वर्षीं एका किल्ल्यास त्याचें नांव देण्यांत आलें. हवामानाचें काम मात्र १८९१ सालीं सैन्याकडून काढून शेतकी खात्याकडे देण्यांत आलें. मुलकी काम सैन्याकडे फार दिवस राहत नाहीं, आणि सैन्याचें काम मुलकी माणसांकडे फार दिवस ठेवणें न्यायाचें होत नाहीं, असाच या साऱ्याचा मथितार्थ दिसतो.

इंग्लंडनें या प्रश्नास निराळें उत्तर दिलें. तेथें १८७० सालीं तारा पोस्टखात्याच्या ताब्यांत आल्या. त्याबरोबर रॉयल इंजिनिअर्सच्या कांहीं कंपन्या शांततेच्या काळांत पोस्टाच्या तारा सांभाळण्याच्या कामीं लावण्यांत आल्या, व १८८४ सालीं सैन्याची स्वतंत्र तार-पलटण उभी राहिली. एकच मनुष्य शांततेंत मुलकी काम करून हात तयार ठेवतो व युद्धांत तेंच काम गणवेषांत करतो, अशी ही योजना. तीमध्यें कसब व ओळख यांची फारकत होत नाहीं, हा तिचा मोठा गुण.

हिंदुस्थानांतही हा प्रश्न रक्तानें लिहिला गेला आहे. ११ मे १८५७ रोजीं मेरठचे शिपाई दिल्लींत शिरले त्या सकाळीं तेथील तार-ऑफिसचा मुख्य टॉड हा यमुनेपलीकडील तार कां बंद पडली हें पाहण्यास गेला व मारला गेला. ब्रेंडिश व पिल्किंग्टन या दोन तरुण तारमास्तरांनीं अंबाल्यास बातमी पोंचविली आणि मग ऑफिस सोडलें. ती तार ज्या सत्तेच्या कामीं आली ती परकी होती व तिनें आमच्या लोकांच्या प्रयत्नाचा मोड झाला, याचें दुःख आम्हांस आहेच. तथापि हे तिघेही मुलकी नोकर होते, आणि त्यांच्या खात्यानें दिल्लींत त्यांचें स्मारक उभारलें तें १९०२ सालीं, पंचेचाळीस वर्षांनंतर. पुढें आमच्या सैन्यांत संदेशाचें काम सॅपर्स अँड मायनर्स या पलटणींकडून वेगळें होऊन १५ फेब्रुवारी १९११ रोजीं स्वतंत्र सिग्नल्स दळ स्थापन झालें. त्या दळाचें मोठें विद्यालय आज महू येथें आहे, डॉ. आंबेडकरांचा जन्म जेथें झाला तेंच हें गांव. तारेचें युग मात्र संपलें. भारतांतील सार्वजनिक तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली.

तार गेली, पण बेकविथची अडचण गेली नाहीं. २०२२ पासून युक्रेनच्या युद्धांत एका अमेरिकन खासगी कंपनीच्या उपग्रहांवरून सैन्याचे संदेश जात आले, आणि ती सेवा कोठपर्यंत चालावी हें सेनापतीनें ठरवावें कीं कंपनीच्या धन्यानें, याचा वाद जगानें ऐकला. गुप्तलिपीची किल्ली पुन्हां एकदां सेनापतीच्या खिशांत नाहीं. अशा काळांत कंपनींत नोकरी पतकरणारा तरुण आपण युद्धापासून दूर राहिलों असें समजत असेल तर तें त्यानें पडताळून पाहावें. आणि सैन्यांत जाणारा तरुण आपल्या हातीं सर्वांत नवें यंत्र येईल असें समजत असेल, तर त्यानेंही बीअर्ड्‌सलीच्या तबकडीची आठवण ठेवावी.

आमच्या मतें या निवडींत पगार व मान यांची तुलना करीत बसण्यांत फारसा अर्थ नाहीं. दोन्ही काळाप्रमाणें खालींवर होतात. विचारावयाचे प्रश्न निराळे आहेत. संकटाच्या वेळीं आपणांस हुकूम कोण देणार, आणि दोन हुकूम परस्परविरुद्ध आले तर कोणता पाळावयाचा हें आधींच ठरलेलें आहे काय? आपल्या कसबास येथें वाढ आहे काय, कीं हुद्दा वाढेल व हात गंजेल? आणि आपण पडलों तर आपल्या माणसांचा भार कोण उचलणार, व तें कोठें लिहून ठेवलें आहे? १८६१ सालच्या तारमास्तरांनीं पहिला व तिसरा प्रश्न विचारला नाहीं. त्यांच्या वयास तो सुचणेंही कठीण होतें. यास्तव त्यांना दोष देण्यास आम्ही तयार नाहीं. दोष असेल तर तो ज्या सरकारनें त्यांच्याकडून सैनिकाचें काम चार वर्षें करून घेतलें आणि त्यांना काय म्हणावयाचें हें ठरविण्यास बत्तीस वर्षें लाविलीं, त्याचा आहे. मुलामुलींनीं हे प्रश्न वीस-बावीसाव्या वर्षीं विचारावेत, अशी अपेक्षा वडील माणसांनीं करूं नये; त्यांच्या वतीनें ते विचारणें हेंच वडिलांचें काम आहे. घरांतील चर्चा पगाराच्या आंकड्यापाशीं न थांबतां इथवर आली, तर मुलगा सिग्नल्समध्यें गेला काय अथवा कंपनींत गेला काय, तो डोळे उघडे ठेवून गेला असें म्हणतां येईल.